चौकोनांना दिलेला होकार

अमरावतीच्या राजापेठेतली आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन पलंग, एक गॅस, एक खिडकी. खिडकीखाली सकाळपासून दुचाक्यांचे हॉर्न. मी जवळच्याच एका शिकवणी वर्गात आठवी ते दहावीला गणित शिकवायचे. माझी रूममेट फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, यवतमाळकडची, आणि तिला कुठलीच गोष्ट हळू आवाजात सांगता येत नसे. माझे आईबाबा अकोल्याला. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते.

आमचे दोघींचे फोन सारखेच होते. बटणांचे, काड्यापेटीएवढ्या रंगीत पडद्याचे. त्यात इंटरनेट होतं म्हणे. पण ते उघडलं की फोन तापायचा, एक निळी पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबायची, आणि शेवटी मेमरी संपल्याचा निरोप देऊन सगळं बंद व्हायचं. मग एके दुपारी रूममेट जिने धडधडत वर आली.

"फोन दे तुझा! चौकातल्या दुकानदारानं एक छोटा ब्राउझर टाकून देल्ला मले. ब्लूटूथनं तुले बी देतो. हवेसारखा चालते, बाप्पा!"

दुकानदारानं तिला समजावून सांगितलं होतं, ते तिनं मला समजावून सांगितलं. कुठल्या तरी दूरच्या देशातला मोठा संगणक आपल्यासाठी पान आधी स्वतः उघडतो, पिळून एवढंसं करतो आणि मग आपल्याकडे पाठवतो. म्हणून आपल्या गरीब फोनला काही उचलावं लागत नाही. माझा विश्वास बसला नाही. पण तिनं पाचचं बटण दाबलं आणि पान खरंच उघडलं. आम्ही दोघी किंचाळलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "काय झालं व?" म्हणून आवाज दिला.

त्या दिवशी आम्ही काय काय उघडून पाहिलं याचा हिशेब नाही. रेल्वेचं वेळापत्रक उघडलं, कुठं जायचं नसताना. पेंग्विन किती उंच असतो ते पाहिलं. अकोल्याचं तापमान पाहिलं आणि मी लगेच बाबांना फोन लावला.

"बाबा, अकोल्यात आत्ता छत्तीस आहे."

"मी अकोल्यातच बसून राहिलो," बाबा म्हणाले. "मले घाम येऊन राहिला. तू अमरावतीहून कायले सांगतं?"

त्या दिवाळीच्या सुमाराला माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा अंजनगाव सुर्जीचा. घरी थोडी शेती, वडील नाहीत, आई पानमळ्यात कामाला जायची. तो स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, धारणीच्याही पुढे, जीपनं तासभर आत, जंगलातल्या एका गावात. बुद्धविहारातल्या एका लग्नात त्याच्या आईनं मला पाहिलं होतं. मी त्यांना पाहिलं नव्हतं, कारण मी तेव्हा जेवत होते.

त्यानं मेलवर फोटो पाठवला. मी आणि रूममेट पलंगावर पालथ्या पडून वाट पाहत होतो. छोटा ब्राउझर चित्रंही पिळूनच पाठवायचा, त्यामुळे फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत आला. आधी आभाळ. मग बराच वेळ आभाळच. मग केस. मग एक गव्हाळ चौकट, तिच्यात दोन काळे ठिपके.

"डोळे आहेत," रूममेट म्हणाली.

"नाक?"

"हाये वाटते. सावली दिसते त्याची."

आईनं अकोल्याहून विचारलं, मुलगा कसा दिसतो. मी खरं ते सांगितलं, की उजेडात उभा आहे. आई म्हणाली, चांगलं आहे.

चार दिवसांनी त्याचं पत्र आलं. मेलच, पण लांबलचक, म्हणून मी त्याला पत्रच म्हणते. मी वर्गावर निघायच्या घाईत होते, एका पायात चप्पल. पान उघडलं आणि पाहते तर काय, पडदाभर चौकोन. नुसते चौकोन. एकाला एक चिकटलेले, मध्ये थोडी जागा, पुन्हा चौकोन. खाली जायचं बटण दाबत राहिले, चौकोन संपेनात.

"मराठीत लिवलं त्यानं!" रूममेट ओरडली. "आपल्या फोनात मराठी नाही ना!"

तेव्हा आम्ही सगळे इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचो. kashi ahes, jevlis ka. ह्या माणसानं मात्र सरळ देवनागरीत टाइप केलं होतं. मला एकदम छातीत गुदगुल्या झाल्या. एवढे चौकोन माझ्यासाठी आजवर कोणी लिहिले नव्हते.

संध्याकाळी मी सायबर कॅफेत गेले. भारनियमन सुरू होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर वीज होती. मेल उघडली, आणि मोठ्या पडद्यावर मोठे चौकोन दिसले.

"म्याडम, मराठी नाही चालत हितं," कॅफेवाला म्हणाला. "फॉन्ट टाका लागते. टाकणारा पोट्टा गावाले गेला."

मग आम्ही दोघींनी ते पत्र वाचायचं ठरवलं. म्हणजे चौकोनांसकट. रूममेटनं वही काढली. चौकोनांमध्ये काही गोष्टी मात्र जशाच्या तशा दिसत होत्या. पूर्णविराम दिसत होते. एका ओळीत 2 होता, त्याच ओळीत 7 होता. एक उद्गारचिन्ह होतं. आणि तीन प्रश्नचिन्हं होती.

"दोन आणि सात," रूममेट विचार करत म्हणाली. "सात तारखेले दोन वाजता येऊन राहिला तो."

"आणि उद्गारचिन्ह?"

"ते समजून घे तू," असं म्हणून ती उशीत तोंड खुपसून हसायला लागली. मलाही हसू आवरेना. एका उद्गारचिन्हावर आम्ही अर्धा तास हसलो. त्याच्या आधी अकरा चौकोन होते. अकरा चौकोनांत काय काय बसू शकतं, याच्या तिनं ज्या शक्यता मांडल्या, त्या मी इथे लिहिणार नाही.

प्रश्न राहिला प्रश्नांचा. तीन प्रश्नांची हो-नाहीत उत्तरं द्यायची म्हटली तर आठ प्रकारे देता येतात. मी गणिताची शिक्षिका, मी ते वहीत मांडलंसुद्धा. सरळ मार्ग असा होता, की त्याला कळवायचं, तुमचं पत्र माझ्या फोनमध्ये दिसत नाही, पुन्हा इंग्रजी अक्षरांत लिहा. पण तेवढंच मला जमेना. त्यानं इतक्या मनानं लिहिलेलं, आणि आपण म्हणायचं माझा फोन डबडा आहे? शिवाय, खरं सांगते, मला त्या दिवसांत कशालाच नाही म्हणावंसं वाटत नव्हतं. भाजीवाल्यानं कारली पुढे केली तरी मी घेत होते.

"तिन्हीले हो म्हण," रूममेट म्हणाली. "प्रश्न काय असणार? तब्येत बरी आहे का, फोटो मिळाला का, येऊ का."

मी लिहायला बसले. ho लिहायला चारचं बटण दोनदा आणि सहाचं तीनदा दाबावं लागायचं. chalel ला चौदा टिचक्या. मी लिहिलं, Ho. Chalel. मग फारच कोरडं वाटलं म्हणून पुढे जोडलं, Sagla chalel. आणि पाठवून दिलं.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गावर त्रिकोणाचे गुणधर्म शिकवत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. बाबा कामाच्या वेळात कधी फोन करत नसत. मी बाहेर आले.

"काय लिवलं तू त्या पोराले?" बाबा म्हणाले.

"काहून? काय झालं?"

"त्याच्या आईचा फोन आल्ता. म्हणे, भाऊ, तुमची पोरगी लय हिंमतीची हाये. म्हणे, तिनं स्वतः कबूल केलं. म्हणे, रविवारी तुमी सगळे या तिकडं. पोरगा पाहाले."

"कुठं?"

"धारणीच्या पुढं! जंगलात! मी तीस वर्षं नोकरी केली, इतक्यांच्या सोयरिकी जुळवल्या. पोरगी पोराले पाहाले जाते हे मी कुठी ऐकलं नाही. तूच कबूल केलं म्हणते ते. केलं का?"

मी भिंतीला टेकले. काचेतून नववीची मुलं माझ्याकडे पाहत होती.

"केलं असेल," मी म्हणाले.

मला वाटलं बाबा आता रागावतील. पण पलीकडून आईचा आवाज आला, "मंग सोबत काय न्यायचं आपण? आपण पाहुणे, का थे पाहुणे?" आणि बाबा फोनवरच हसायला लागले. त्यांचं हसणं एकदा सुरू झालं की खोकल्यावर जाऊन थांबायचं. खोकला संपल्यावर ते म्हणाले, "जाऊ. आजवर लोक आपल्या घरी येऊन खाऊन गेले. एक डाव आपण बी जाऊन पाहू."

शनिवारी दुपारी आईबाबा अकोल्याहून राजापेठेत आले. आईनं डबा भरून सांबारवड्या आणल्या होत्या. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पाहुण्याकडे जाताना हे न्यायचं की पाहुणे येताना हे करायचं, असा तिचा घोळ अजून मिटला नव्हता, म्हणून तिनं दोन्हींसाठी पुरतील इतक्या केल्या होत्या. पत्र मला वाचताच आलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. रूममेटलाही गप्प बसायची शपथ घातली, आणि त्याच्या बदल्यात तिला सोबत न्यावं लागलं.

रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. परतवाडा सोडलं आणि वळणं सुरू झाली. सागवानाची पानं एवढी मोठी की एक पान खिडकीतून आत येऊन आईच्या मांडीवर पडलं. आईनं ते घडी करून पिशवीत ठेवलं. बाबा प्रत्येक वळणावर समोरची दांडी धरायचे आणि म्हणायचे, "पोरीचं सासर पाहाले चाललो का वाघ?" रूममेट मागच्या बाकावर उलट्या करत होती आणि मधल्या वेळात हसत होती. मला उलटी होत नव्हती, भूकही लागत नव्हती. तीन प्रश्न. त्यातला एक कळला होता. बाकी दोन प्रश्नांत मी काय कबूल करून बसले आहे?

धारणीच्या स्टँडवर मुलाची आई आधीच येऊन थांबली होती. हिरव्या लुगड्यातली, काटक, हातात खायच्या पानांची जुडी. तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. "आली व माय तू," एवढंच म्हणाली. जीपमध्ये आम्ही चौदा माणसं होतो आणि एक बकरी. बकरीनं एक सांबारवडी खाल्ली.

शाळा दोन खोल्यांची, निळ्या भिंतींची. तिच्या बाजूला त्याची राहायची खोली. जीप थांबली तेव्हा हातपंपाजवळ एक माणूस भरलेली बादली घेऊन उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आम्ही अर्धा तास लवकर पोचलो होतो. त्यानं आमच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि बादली तशीच धरून "या, या" म्हणत पुढे आला. निम्मं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. नाक होतं. चांगलं धारदार नाक होतं. केस फोटोतल्यापेक्षा कमी होते. रूममेटनं माझ्या पाठीत बोट खुपसलं.

आत सतरंजी अंथरलेली होती. आम्ही बसलो. असल्या कार्यक्रमात काय बोलायचं हे सगळ्यांना पाठ असतं, पण आज बाजू उलट होती. बाबांनी घसा साफ केला.

"शिक्षण?" ते म्हणाले.

"डी. एड. झालं. बी. ए. करून राहिलो बाहेरून."

"स्वयंपाक येते का?" रूममेटनं मध्येच विचारलं. आईनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"खिचडी येते," तो गंभीरपणे म्हणाला. "केलेली हाये. थोडी खाली लागली."

"चालून दाखवा," रूममेट म्हणाली.

आता आई तिला चिमटा काढणार तोच त्याची आई खदखदून हसली. "दाखव ना मंग! इतक्या पोरींले चालाले लावते लोक!" आणि तो खरंच उठला, दारापर्यंत गेला, परत आला, ओल्या पावलांचे ठसे उमटवत. बाबा हसता हसता खोकल्यावर पोचले. त्याच ठशांवर मग आम्ही खिचडी खाल्ली. खाली लागलेली होती, पण लागलेला भाग त्यानं स्वतःच्या ताटात घेतला होता, ते मी पाहिलं.

जेवणं झाल्यावर तो मला म्हणाला, "रेंज पाहायची का? गावात फक्त एका जागी हाये. शाळेच्या मागच्या भिंतीवर."

दोघांच्याही आया एकदम भांडी उचलायला लागल्या. रूममेट उठू लागली तर बाबांनीच तिला हाताला धरून खाली बसवलं.

शाळेमागं कमरेएवढी दगडी भिंत होती. वर बसायला एक जागा घासून गुळगुळीत झालेली. "हितूनच पाठवतो मी सगळं," तो म्हणाला. "तुमचं उत्तर हितंच वाचलं." त्यानं खिशातून फोन काढला. माझ्यासारखाच. बटणांचा. आणि त्याच्या पडद्यावर तोच छोटा ब्राउझर, आणि ब्राउझरमध्ये मराठी बातम्या. स्वच्छ काळी मराठी अक्षरं.

"तुमच्या फोनमध्ये मराठी दिसतं?" मी म्हणाले. माझा आवाज जरा वरच गेला असावा.

"हो. तुमच्यात बी दिसत असन ना."

मी फोन काढला, त्याचं पत्र उघडलं आणि त्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ चौकोनांकडे पाहत राहिला. खाली गेला, वर आला. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"म्हंजे तुमी हे वाचलंच नाही?"

"नाही."

"मंग 'सगळं चालेल' काहून लिवलं?"

"एवढे चौकोन होते," मी म्हणाले. "एवढं कोणी लिहितं म्हणजे वाईट कशाला लिहील?"

तो हसला नाही. मला वाटलं, संपलं. त्यानं माझा फोन नीट हातात धरला, पत्त्याच्या चौकटीतलं सगळं पुसलं आणि तिथे एक शब्द टाइप केला. कधी न पाहिलेलं एक पान उघडलं, इंग्रजी ओळीच ओळी. सगळ्यात खालच्या ओळीत 'नो' होतं. तिथं त्यानं 'येस' केलं. "केंद्रशाळेतल्या एका गुरुजीनं शिकवलं मले," तो म्हणाला. "आता अक्षरं चित्र होऊन येतात. जरा जाड दिसतात, पण दिसतात." मग त्यानं फोन परत दिला आणि तोंड दुसरीकडे, मोहाच्या झाडाकडे फिरवून बसला.

पान उघडायला वेळ लागत होता. पट्टी सरकत होती. आणि मग, एकाएकी, एकही चौकोन उरला नाही.

'नमस्कार,' असं लिहिलं होतं. 'फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे, आता केस कमी झाले आहेत. मुलगी पाहायला सगळेच जातात. पण राहायचं तुम्हाला इथं आहे, तर जागा आणि माणूस आधी तुम्ही पाहावा असं मला वाटतं. तुम्ही इकडे याल का? लपवत नाही, गावात वीज 2 दिवस असते आणि 7 दिवस नसते. पाणी हातपंपाचं. विंचू निघतात!'

उद्गारचिन्ह तिथं होतं. मी मोठ्यानं हसले. इतकी हसले की भिंतीवरून घसरायला लागले, आणि त्यानं मोहाच्या झाडाकडे पाहतच एक हात पुढे करून माझा दंड धरला. "विंचू का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. अकरा चौकोन! आम्ही अर्धा तास कशावर हसलो होतो, ते त्याला सांगायचं झालं तर कसं सांगणार?

डोळे पुसून मी पुढचं वाचलं. 'मला खिचडी आणि चहा एवढंच येतं. आठवड्यातले निम्मे दिवस मी स्वयंपाक केला तर तुम्हाला ते चालेल का? तुमची नोकरी सुटेल याचं मला वाईट वाटतं. इथल्या मुलांना गणित शिकवणारं कोणी नाही, मी शिकवतो पण मलाच अपूर्णांक नीट येत नाहीत. शेवटचं. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर भीड न ठेवता सरळ नाही म्हणाल का?'

पुढे नाव आणि गाव होतं. संपलं.

मी फोन मांडीवर ठेवला. शाळेच्या पलीकडे काही बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून आमच्याकडे पाहायला लागल्या. आपसात त्यांच्या भाषेत काही बोलल्या आणि तोंडावर हात ठेवून पुढे गेल्या.

"वाचलं?" तो म्हणाला.

"वाचलं."

"मंग ते आधीचं उत्तर धरत नाही मी," तो म्हणाला. आता तो माझ्याकडे पाहत होता. "न वाचता देल्लं होतं ते. आता तुमी खोली पाहिली, हातपंप पाहिला, मले पाहिलं. आता सांगा. घाई नाही. घरी जाऊन सांगितलं तरी चालते."

मला घरी जाईपर्यंत धीर नव्हता. पण हो म्हणायलाही तोंड उघडेना. इतके दिवस सगळ्यांना हो म्हणत सुटलेली मी, आणि आता एका अक्षराला अडले.

"तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो," मी म्हणाले.

"तिसरा कोणता?"

"नाही म्हणायचं असतं तर सरळ म्हटलं असतं."

त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याला अपूर्णांक येत नाहीत हे मला पटलं. "म्हंजे?" तो म्हणाला.

"म्हणजे नाही म्हणून नाही राहिली मी!"

त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तो भिंतीवरून खाली उडी मारून उभा राहिला, मग पुन्हा चढून बसला, आणि पुन्हा उतरला. शेवटी म्हणाला, "मी चहा ठेवतो," आणि धावत गेला. चहात त्यानं साखर दोनदा टाकली. सगळ्यांनी तो प्यायला आणि कोणी काही बोललं नाही. फक्त आई परतीच्या जीपमध्ये म्हणाली, "गोड आहे पोरगा." त्यावर मी आणि रूममेट धारणीपर्यंत हसत राहिलो. पत्राची गोष्ट मी आईबाबांना अमरावतीला उतरल्यावर सांगितली. बाबा स्टँडवरच्या बाकावर बसून घेत म्हणाले, "म्हंजे तुले मालूमच नव्हतं आपण कुठी चाललो थे?" आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही त्यांनी ते सांगितलं.

लग्न उन्हाळ्यात झालं, अकोल्याच्या विहारात. पंचशील घेताना मला घामानं समोरचं दिसत नव्हतं आणि कूलर नेमका पाहुण्यांच्या बाजूला तोंड करून लावला होता. रूममेट वऱ्हाडातल्या प्रत्येकाला पाणी देत फिरत होती आणि प्रत्येकाला काही ना काही सांगत होती, त्यामुळे मी मान वर केली की कोणी तरी माझ्याकडे पाहून हसत असायचं. शिकवणी वर्गाची नोकरी मी आधीच सोडली होती. पुढे चार वर्षं मी त्या गावात राहिले आणि दोन खोल्यांच्या शाळेत अपूर्णांक शिकवले, मुलांना आणि संध्याकाळी घरच्या गुरुजींना. मुलांना लवकर आले.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो सासरी जायचा दिवस. बाबांनी हट्टानं एक लोखंडी कपाट दिलं होतं, ते जीपच्या टपावर बांधलं. मागच्या बाजूला सासूबाई आणि गाद्या. पुढे चालक, त्याच्या शेजारी आम्ही दोघं आणि आम्हाला सोडायला निघालेले बाबा. सेमाडोहच्या अलीकडे एका वळणावर जीप थांबली. रस्त्याच्या बरोबर मध्ये एक रानगवा उभा होता. काळा, जीपहून उंच वाटणारा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. चालकानं इंजिन बंद केलं आणि तो कुजबुजला, "कोणी हॉर्न वाजवा म्हणू नका."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. गवा रवंथ करत होता. टपावर कपाट तापून कडकड आवाज करत होतं. नवरोबानं घाबरून माझा हात धरला होता की धीर द्यायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी बाबांना राहवेना. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ज्या आवाजात ते कार्यालयात साहेबांशी बोलायचे, त्याच आवाजात म्हणाले, "भाऊ, जरा बाजूले सरकता का? लगनाची गाडी हाये."

गव्यानं मान वळवून बाबांकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि मग काहीही घाई न करता, एकेक पाय टाकत, तो उतारानं बांबूंत उतरून गेला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून सासूबाईंनीही वाजवल्या. चालकानं किल्ली फिरवली, पण हसण्यानं त्याचा हात इतका हलत होता की जीप तिसऱ्या खेपेला सुरू झाली.